चुकलेला अंगठा

वाद्यवृंदातली सॅक्सोफोनची खुर्ची या हंगामापासून बंद झाली, तेव्हा भोंग्याने आव असा आणला की जणू तोच सॅक्सोफोनला सोडतोय. भोंगा हे आम्ही ठेवलेलं नाव. पन्नाशी उलटलेला माणूस, आवाज मोठा आणि फुशारकी त्याहून मोठी. बास क्लॅरिनेटची, म्हणजे खर्जातल्या मोठ्या क्लॅरिनेटची, जागा रिकामी होती. "त्यात काय एवढं? तोंडात धरायचं आणि फुंकायचं," तो म्हणाला. संचालकबाईंनी आठवडाभराच्या बोलीवर ते वाद्य त्याच्या हातात दिलं. जमलं तर राहायचं, नाहीतर नमस्कार.

त्याच्या पुढच्याच खुर्चीवर त्याची मुलगी बसते. ती लहानपणापासून साधी क्लॅरिनेट वाजवते आणि हा तिच्या वाद्याला शिट्टी म्हणून चिडवायचा. आता त्याच शिट्टीच्या थोरल्या बहिणीने त्याला घाम फोडला होता. लेकीला विचारायचं म्हणजे मान खाली घालणं आलं, म्हणून पठ्ठ्याने विचारलंच नाही.

आठवड्याच्या शेवटच्या तालमीत रचनेतली ती अवघड जागा आली. बाकी सगळे थांबतात आणि मुलीची क्लॅरिनेट नि याची बास क्लॅरिनेट मिळून हळूच वर चढतात. मी शेजारीच डबल बास धरून उभा होतो. सॅक्सोफोनवर डाव्या अंगठ्याची चावी दाबली की खालच्या सा वरून वरचा सा मिळतो. क्लॅरिनेटवर तीच चावी वरचा सा ओलांडून थेट त्याच्या पंचमावर नेऊन आदळते. भोंग्याचा अंगठा जुन्या सवयीने गेला आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी किंकाळी निघाली.

एवढा वरचा आवाज त्या जाड्या वाद्याचा असेल असं बाईंना वाटलंच नाही. त्या मुलीवर कडाडल्या, "झोप झाली नाही का तुझी?"

मी भोंग्याकडे पाहिलं. त्याने समोरच्या कागदात डोकं खुपसलं होतं.

"सॉरी, मॅडम," मुलगी म्हणाली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

मीही गप्प बसलो. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, असं स्वतःला समजावलं. खरं तर मधे पडायची हिंमत नव्हती. मला लाज वाटली, त्याचीही आणि माझीही.

मधल्या सुट्टीत ती त्याच्याजवळ आली. तो उगाच वाद्य पुसत बसला होता.

"बाबा, चावी तीच आहे, पण उडी मोठी आहे. वरच्या सा साठी बोटंच वेगळी लागतात. बघा."

तिने त्याची बोटं धरून एकेक जागेवर ठेवली. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"मी सांगतो बाईंना," तो पुटपुटला.

"आधी नीट वाजवा. मग सांगा."

सुट्टीनंतर ती जागा पुन्हा आली आणि भोंग्याने ती सुंदर वाजवली. खोटं कशाला बोलू, खरंच सुंदर. बाईंनी हात खाली घेतला. "खुर्ची तुमची," त्या त्याला म्हणाल्या. मग मुलीकडे वळल्या. "शिक जरा वडिलांकडून."

"हो, मॅडम."

सगळे भोंग्याकडे पाहत होते. मुलगीसुद्धा आता मागे वळली होती. त्याने घसा खाकरला. आता सांगतो, असं मला वाटलं.

"अजून लहान आहे हो, मॅडम," भोंगा म्हणाला. "शिकेल हळूहळू."