बाई या शब्दाची घरं

सुदर्शन सरांचा जर्मनचा क्लास औरंगपुऱ्यात, चपलांच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. जर्मनीला नोकरीला निघालेल्या अकरा नर्स समोर बसल्या होत्या आणि सर रंगात आले होते. एकदा का ते शब्दांची कुळं काढायला लागले की त्यांना कशाचंच भान राहत नसे. चहा झाला तरी रिकामे कप तासभर टेबलावर तसेच.

"वाइफ," सर सांगत होते, "इंग्रजीत बायको. पण मुळात नुसतीच स्त्री. तुमच्या मिडवाइफमध्ये ती अजून शिल्लक आहे. तोच शब्द जर्मनमध्ये वाइप. एके काळी चारचौघांत चालायचा, आज कुणाला म्हणालात तर भांडण होईल. डचमध्ये वेइफ, ती तर सरळ शिवीच. स्वीडिशमध्ये वीव्ह, ती जुन्या कवितेत जाऊन बसली. शब्द एकच, घरं चार. एका घरी मान, दुसऱ्या घरी अपमान."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सकाळी दाढी करताना घोटून ठेवलं होतं. मागच्या बाकावरच्या अपेक्षानं ते वहीत उतरवून घेतलं, तेव्हा सर मनातून सुखावले.

तेवढ्यात दारात चतुराबाई येऊन उभ्या राहिल्या. या सरांच्या आई. कन्नड गावाहून सकाळच्या एसटीनं आलेल्या, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, चपला खाली जिन्यातच काढलेल्या. एवढ्या पोरी बघून त्या बावरल्या.

"बाई, तू इथं कशाला आलीस?" सरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. त्यांच्या घरात आईला बाईच म्हणायचे. आई हा शब्द त्यांना पहिल्यांदा भेटला तो शाळेच्या पुस्तकात.

"धपाटे आणलेत. फोन लई लावला, उचलंनास, म्हणून वर आले."

पुढं बसलेल्या सोनियानं कौतुकानं विचारलं, "सर, तुमच्या स्वयंपाकाच्या बाई का? डबा इथवर आणून देतात?"

'नाही, माझी आई' एवढंच म्हणायचं होतं. पण सरांना त्या पदराला लागलेली पिठाची बोटं दिसली, टाचांच्या भेगा दिसल्या, आणि आताच चार भाषा फिरून आलेली त्यांची जीभ अडखळली.

"हो," ते म्हणाले. "बरीच वर्षं आहे आमच्याकडं."

बघा, त्यातही हुशारी! शब्दाशब्दानं तपासलं तर खोटं काहीच नाही. सरांची कानशिलं तापली. आपल्याला लाज वाटतेय ती आईला नाकारल्याची की ती अशी दारात दिसल्याची, हे त्यांना उमगेना. मग त्याचीही लाज वाटली.

चतुराबाईंनी ऐकलं होतं. ऐकू येऊ नये एवढी काही ती खोली मोठी नव्हती. त्यांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली, पदर कमरेला खोचला, टेबलावरचे बारा कप गोळा केले आणि मोरीत नेऊन विसळून पालथे घातले. लेकानं चारचौघींत सांगितलं, ते खोटं पडू द्यायचं नव्हतं ना! सर तोवर फळ्याकडं तोंड करून, आधीच पुसलेलं पुसत राहिले.

"येते मी, सर," दारातून त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

मग अपेक्षानं वहीतून मान वर केली.

"सर, आमच्या अजिंठ्याकडं आईला बाई म्हणतात. हा शब्दपण तसाच ना? तुमच्या कन्नडला काय अर्थ हाय?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच लिहून घ्यायचं होतं. सरांच्या हातातला डस्टर खाली पडला आणि ते तसेच धावत सुटले.

रस्त्यावर चतुराबाई बसस्टँडच्या रिक्षात चढत होत्या. वर खिडकीत अकरा डोकी जमली होती. सुदर्शनच्या ओठांवर 'बाई' आलं, पण ती हाक त्यानं आताच स्वतःच्या तोंडानं नासवली होती. ती बाहेर पडेना.

"आई!" तो ओरडला. "आई, थांब!"

भाजी घेणाऱ्या दोन बायका वळून बघायला लागल्या. चतुराबाई वळल्या नाहीत. त्यांना त्या नावानं आजवर कुणी हाकच मारली नव्हती.