मर्फीचा रविवार

मर्फी पहिल्यापासूनच जरा गबाळा होता. एक डोळा बटणाचा, दुसरा दुसऱ्याच कुठल्या तरी बटणाचा, आणि पोटावर कुणाच्या तरी घरच्या जॅमचा डाग. पण आयर्लंडमधल्या गॉलवेच्या त्या शाळेत, सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात, या कापडी अस्वलाइतका मान मुख्याध्यापिकेलाही नव्हता. दर शुक्रवारी तो एका मुलाच्या घरी पाहुणा म्हणून जायचा, सोबत एक जाड वही घेऊन. शनिवार-रविवारी काय काय केलं ते मर्फीच्या तोंडून वहीत लिहायचं, फोटो चिकटवायचा, खाली पालकांनी सही करायची. सोमवारी पाहुणा परत.

क्षितिजा सबनीसचा नंबर सप्टेंबरपासून वाट बघता बघता जूनमध्ये लागला. नऊ महिने. तेवढ्या काळात माणूस जन्माला येतो.

शुक्रवारी संध्याकाळी तिच्या आईने, स्वप्नालीने, वही चाळली. मर्फी कॉनेमारात घोड्यावर बसला होता. मर्फी लाहिंचच्या लाटांवर सर्फिंग करून आला होता. कुणाच्या तरी आजोबांच्या नव्वदाव्या वाढदिवसाला मर्फीने अकॉर्डियन वाजवला होता.

"या अस्वलाचं आयुष्य माझ्यापेक्षा बरं आहे," स्वप्नाली म्हणाली. ती हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार डॉक्टर होती आणि शनिवार-रविवार दोन्ही दिवस तिची ड्युटी होती. "रणजित, हे तुझ्याकडे. विसरू नकोस हां."

"अगं, रेकॉर्ड ठेवणं हा माझा धंदा आहे," रणजित म्हणाला.

यात अतिशयोक्ती नव्हती. रणजित सबनीस हृदयात घालायच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात होता. जे केलं ते लिहायचं, जे लिहिलं ते केलेलं असायचं, आणि न केलेलं लिहिलं तर रणजित यायचा. मार्चमध्ये डेक्लन नावाच्या एका भल्या माणसाने फ्रिजचं संध्याकाळचं तापमान सकाळीच लिहून ठेवलं होतं. रणजितने त्याच्यावर तीन पानी रिपोर्ट लिहिला. डेक्लनला सहा आठवडे पुन्हा ट्रेनिंगला बसवलं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, नुकत्याच कॉलेजातून आलेल्या पोरांच्या शेजारी. रणजितला त्याबद्दल वाईट वाटलं नव्हतं. उलट रिपोर्टचं मराठीत भाषांतर करून वडिलांना पाठवावं असं वाटलं होतं.

शनिवार धुण्यात, स्विमिंगच्या क्लासमध्ये आणि इंडियन दुकानात गेला. रविवारी चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल होती, भारत-पाकिस्तान. मित्राच्या, गौरवच्या घरी सगळे जमणार होते. त्यात हवामान खात्याने आयर्लंडवर सूड उगवला आणि वर्षातलं सगळं ऊन त्याच रविवारी पाडलं. असं ऊन वाया घालवणं हे तिथे मोठं पाप समजतात. शेजारच्या बाई उशी आणि बादली घेऊन गाडीत बसत होत्या. "समुद्रावर निघालात ना?" त्यांनी विचारलं. "हो हो," रणजित म्हणाला, आणि बायकोच्या भाषेत सांगायचं तर आजार तिथूनच सुरू झाला.

गौरवने टीव्हीवर उजेड येतो म्हणून पडदे लावून घेतले होते. बाहेर अख्खा गॉलवे सॉल्टहिलच्या समुद्रात डुंबत होता आणि आत नऊ इंजिनियर अंधारात बसून पोहे खात होते.

"रणज्या, तू मघाशी जागेवरून उठलास ना, म्हणून विकेट पडली," गौरव म्हणाला.

"मी पाणी प्यायला उठलो."

"देश बुडवलास तू एका ग्लासासाठी."

देश एकशे ऐंशी धावांनी बुडाला. पोरं दिवसभर गौरवच्या अंगणात होती. रणजितने क्षितिजाला घरी आणलं, वरणभात भरवला आणि तो दुःखात झोपी गेला.

सोमवारी सकाळी साडेसातला क्षितिजा वही घेऊन स्वयंपाकघरात आली. "डॅडी, मर्फीज पेज," ती म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं. उत्तर मात्र गॉलवेच्या हेलातल्या इंग्रजीत यायचं.

पान कोरं होतं. मर्फी शुक्रवारपासून गाडीच्या डिकीत होता. शनिवारच्या खरेदीने त्याच्यावर दहा किलो बासमती येऊन पडला होता, त्यामुळे आता तो अस्वलापेक्षा अस्वलाच्या कातड्यासारखा दिसत होता. रणजितने त्याला दोन-चार धपाटे घालून फुगवलं आणि भिंतीकडे बघितलं. भिंतीवर औषधांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. त्यात फेब्रुवारीच्या पानावर क्लिफ्स ऑफ मोहर होते, समुद्रातून सरळ उभे राहिलेले कडे.

स्वप्नाली ड्युटी संपवून घरात शिरली तेव्हा नवरा एका हाताने अस्वल कॅलेंडरसमोर धरून दुसऱ्या हाताने फोटो काढत होता.

"हे काय चाललंय?"

"साइट व्हिजिट."

ती जवळ आली. "रणजित, त्याच्या पायाखाली तारखा दिसतायत."

"कापतो."

"मी काही बघितलं नाही. मी अठ्ठावीस तास जागी आहे, मला काहीही दिसू शकतं." ती वर निघून गेली.

क्षितिजा मात्र सगळं बघत होती. "बट वी डिडन्ट गो," ती म्हणाली.

"वेळ असता तर गेलो असतो की नाही?"

ती विचारात पडली. "येस."

"मग तेच लिहायचं. थोडं पुढेमागे."

तिने मान डोलावली. रणजितने मर्फीच्या नावाने अक्षर सांभाळत सव्वा पान लिहिलं: कडे, वारा, पफिन पक्षी, आइस्क्रीम. प्रिंटरमधली पिवळी शाई संपली होती, त्यामुळे कडे जांभळे आले. खाली त्याने झोकात सही केली. आठ चाळीसला अस्वल शाळेत पोचलं. विषय संपला, असं त्याला वाटलं.

गुरुवारी वर्षअखेरीचा पालकांचा कार्यक्रम होता. स्वप्नाली ड्युटीवर, म्हणून रणजित एकटाच गेला. पालकांना मुलांच्याच खुर्च्यांवर बसवलं होतं. लाल प्लॅस्टिकच्या, दोन्ही बाजूंना हात असलेल्या. रणजितचे गुडघे कानांशी आले. बाई, मिसेस फॅलन, म्हणाल्या की मर्फीची शेवटची काही पानं मुलंच वाचून दाखवतील. पहिली क्षितिजा.

ती उभी राहिली. तिने बापाचं सव्वा पान खणखणीत वाचलं. सगळ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. मिसेस फॅलन यांनी फोटो वर धरला. "रविवार ना हा? आम्ही तर उन्हाने भाजून निघालो होतो. तुमच्याकडे आभाळ केवढं भरून आलंय!"

रणजितने खुर्चीचे दोन्ही हात पकडले.

"फक्त पाच मिनिटं आलं होतं," क्षितिजा म्हणाली. डोळ्याची पापणी न लववता. "मग गेलं."

"आणि पफिन जवळून दिसले का गं?"

"हो. एकाने मर्फीचं आइस्क्रीम खाल्लं. डॅडींनी मर्फीला दुसरं घेऊन दिलं."

आया हसल्या. शेजारच्या एका बापाने रणजितच्या पाठीवर थाप मारली. क्षितिजाने वळून त्याच्याकडे बघितलं, आणि ती नजर रणजितने ओळखली. ऑडिटच्या दिवशी कारखान्यातली माणसं एकमेकांकडे तशी बघतात. आपलं ठरलंय ना, तशी. सहा वर्षांची मुलगी त्याला सांभाळून घेत होती, आणि छान सांभाळत होती. डेक्लनला तर नीट खोटंही बोलता आलं नव्हतं. पहिल्याच प्रश्नाला तो रडला होता.

जमीन दुभंगून पोटात घेईल असं काही लक्षण दिसेना. तो उठला. खुर्चीही त्याच्याबरोबर उठली.

"एक्स्क्यूज मी," तो म्हणाला. खुर्चीच्या हातांनी त्याला कमरेला घट्ट पकडलं होतं. तिला काढायला जावं तर बोलायचा धीर जाईल, म्हणून तो तसाच वाकून, चार लाल पाय मागे घेऊन, बोलत राहिला. "आम्ही मोहरला गेलो नव्हतो. ते कॅलेंडर आहे. फेब्रुवारी. मी दिवसभर मॅच बघत होतो. मर्फी गाडीच्या डिकीत होता. तांदळाखाली. क्षितिजाचा काही दोष नाही, हे सगळं मी लिहिलंय."

कॉनेमाराच्या घोड्यावाले बाबा एकाएकी खिडकीबाहेर बघायला लागले.

"अहो, काही बिघडलं नाही, यू आर ग्रँड," मिसेस फॅलन म्हणाल्या, आणि आणखी दोन पालकांच्या मदतीने त्यांनी रणजितला खुर्चीतून सोडवलं. खुर्चीतून निघताना एक आवाज झाला. मुलं हसली. सगळी हसली. एकटी क्षितिजा वही छातीशी धरून तशीच उभी होती, आणि तिचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत हळूहळू लाल होत गेला.

तेव्हा कुठे रणजितच्या लक्षात आलं की खरं बोलून त्याने स्वतःला मोकळं केलं होतं, आणि पफिनचं आइस्क्रीम एकट्या तिच्या अंगावर राहिलं होतं. चारचौघांत खोटारडी ठरली होती ती. तो तर आता प्रामाणिक माणूस झाला होता.

गाडीत ती मागे बसली.

"यू टोल्ड ऑन मी," अर्ध्या वाटेवर ती म्हणाली. म्हणजे, माझी चुगली केलीस.

"मी माझ्याबद्दल सांगितलं गं."

"आय वॉज हेल्पिंग यू."

"मला माहितीये, राणी. तू मदत करायची वेळच यायला नको होती. चूक माझी होती. दोन्ही वेळा."



मिसेस फॅलन यांनी वही परत दिली होती. हवं तर पान पुन्हा लिहून आणा, नाहीतर राहू दे, काही घाई नाही. घरी आल्यावर रणजितने ती टेबलावर ठेवली. "मी लिहू?" त्याने विचारलं.

"नो," क्षितिजा म्हणाली. तिने जांभळे कडे उचकटून काढले, पेन्सिल घेतली आणि जीभ बाहेर काढून लिहायला बसली. रणजित समोर हात बांधून बसला. वीस मिनिटं लागली. मग तिने वही त्याच्याकडे सरकवली.

वाकड्यातिकड्या इंग्रजीत मर्फीने लिहिलं होतं: मी गाडीच्या डिकीत होतो. अंधार होता. खूप गरम होतं. तांदूळ होते. मी दोनदा हाक मारली. कोणी आलं नाही.

रणजितने पुन्हा वाचलं. "पिल्लू, बाकी सगळं बरोबर आहे," तो सावकाश म्हणाला. "पण अस्वल हाक कशी मारेल? खरं तेच लिहायचं ना आता?"

"नॉट मर्फी. मी," ती म्हणाली. म्हणजे तिने स्वतः. रविवारी ती गौरवच्या अंगणातून आत आली होती, त्या काळोख्या खोलीच्या दारात, गाडीची किल्ली मागायला. मर्फीला गरम होत असेल म्हणून. "टू टाइम्स, डॅडी."

रणजितने आठवून बघितलं. विकेट आठवल्या. पोह्यांतले शेंगदाणे आठवले. गौरव काय काय बोलला तेही आठवलं. दार आठवेना.

क्षितिजाने पेन पुढे केलं आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं, पालकांची सही असते तिथे. त्याने सही केली. ती शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली, मग वही मिटून दप्तरात ठेवायला निघून गेली.