तलवारीचा एक्का

‘पुरुषाने आपलं दुःख पुरुषापुढेच उघडं करावं, हा मानवजातीचा सनातन नियम आहे.’ हे वाक्य मी माझ्या मुलीला, रोमिनाला, फोनवर ठणकावून ऐकवलं तेव्हा मी तिच्या आईचा फुलाफुलांचा गाऊन घालून बसलो होतो. माझे कपडे धुवायचे राहिले होते. नोव्हेंबरपासून.

“बाबा, तू कुणाकडेही जा,” रोमिना रोसारिओहून म्हणाली. “बाई, बाप्या, घोडा, कुणीही. पण जा.”

“घोडे फेब्रुवारीत सुट्टीवर असतात का?”

“का?”

“बाकी सगळे असतात.”

यात अतिशयोक्ती नव्हती. आमच्या ब्वेनोस आयरेसमध्ये न्हाव्यांपेक्षा थेरपिस्ट जास्त. भाजीवाली कोबी तोलता तोलता सांगते, “परवाच मी माझ्या थेरपिस्टला म्हटलं...” पण फेब्रुवारी, म्हणजे आमचा भर उन्हाळा, लागला की ही समस्त जमात समुद्रावर जाते, आणि अख्खं शहर महिनाभर आपापलं वेड घरच्या घरी सांभाळतं.

खालच्या बेकरीतल्या पिएरिनाने पावाच्या पिशवीवर मला सतरा नावं लिहून दिली. चौदा बाया. उरलेल्या तिघांपैकी दोघे समुद्रावर.

“बाईच बरी हो, एवारिस्तो,” ती म्हणाली. “बाई नीट ऐकून घेते.”

“म्हणून तर नको. मला त्रुको खेळणारा पुरुष हवाय.”

“तुम्हाला डॉक्टर पाहिजे की भिडू?”

पिएरिनाला मी खरं कारण सांगितलं नाही. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि तेच तर दुखणं होतं.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी मी क्लबात त्रुको खेळत होतो. या पत्त्यांच्या खेळात भिडूला तोंडाने काही सांगायचं नसतं, चेहऱ्याने खुणावायचं असतं. माझ्या हातात तलवारीचा एक्का आला. त्याच्यापेक्षा वरचं पान नाही. मी समोरच्या कोकोला दोन्ही भुवया उंचावून खूण केली, आणि फोन थरथरला. एल्विरा. माझी बायको. पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा थरथरल्यावर मी तो टेबलावर पालथा घातला. हातात एक्का असताना कोण उठतं? डाव आम्ही जिंकलो. कोकोने माझ्या पाठीवर थाप मारली.

एल्विरा स्वयंपाकघरात पडली होती. हॉस्पिटलातला डॉक्टर म्हणाला, “अर्धा तास आधी आणलं असतं तर,” आणि वाक्य तसंच सोडून दुसऱ्या पेशंटकडे गेला.

रोमिनाला मी सांगितलं, फोनची बॅटरी संपली होती. तेव्हापासून ती दर रविवारी माझं सांत्वन करते. “फोन चालू असता तर तू धावत गेला असतास, बाबा. मला माहितीये ना.” मी “हं” म्हणतो. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालणं मी सोडून दिलं होतं. कुंड्यांशी माझं भांडण नव्हतं. कठड्याशी उभं राहिलं की खालची फरशी फार ओळखीची वाटायला लागली होती.

सतरावं नाव होतं डॉक्टर गुटनिक. वय अठ्ठ्याहत्तर, तिसरा मजला, लिफ्ट बंद. मी बेल दाबली. वरून गॅलरीतून एक राखाडी मोजा पायाशी पडला, त्यात इमारतीच्या दाराची किल्ली होती.

“गुडघे!” वरून आवाज आला. “वर या, आणि दार नीट ओढून घ्या.”

आत पुस्तकं, पंखा आणि एक कोच, मधोमध खचलेला. त्या खड्ड्यात निदान चाळीस वर्षं माणसं झोपून गेली असावीत. गुटनिकांच्या एका पायात राखाडी मोजा होता, दुसरा उघडा.

“तुम्ही समुद्रावर नाही गेलात?” मी विचारलं.

“तीन मजले उतरलो तर ना. बोला.”

मला बोलता येईना. शेवटी मी त्यांच्याकडे बघून दोन्ही भुवया उंचावल्या.

गुटनिकांनी चष्मा सारखा केला. “तलवारीचा एक्का?”

एवढ्यावर मी सगळं सांगून टाकलं. क्लब, कोको, पालथा फोन, बॅटरी, रोमिनाचे रविवारचे फोन, पिएरिनाची यादी, कुंड्या, कठडासुद्धा. आवाज अगदी सरळ होता, जणू हवामानाच्या बातम्या देत होतो. डोळे कोरडे. गुटनिक पंख्याकडे बघत होते.

“म्हणून पुरुष हवा होता,” मी समारोप केला. “हातात एक्का असताना माणूस का उठत नाही, हे बाईला कळायचं नाही.”

“एल्विराबाई खेळायच्या?”

“खेळायच्या? तिनेच मला शिकवलं. अख्ख्या गल्लीला हरवायची.”

“मग तिला तर कळलं असतं.”

पंख्याचं एक पातं घासतं आहे, हे मला त्या खोलीत पहिल्यांदाच ऐकू आलं.

“मग पुरुष का, एवारिस्तो?”

“कारण,” मी म्हणालो, “समोर बाई बसली, तर ती माझ्याकडे बघेल. आणि मला...”

तेवढ्यात भिंतीवरचा, खालच्या दाराशी बोलायचा फोन खणखणला.

“पुढची पेशंट लवकर आली आहे,” गुटनिक म्हणाले. “थांबेल. तुम्ही बोला.”

पुन्हा खणखणला.

“घ्या तो,” मी म्हणालो.

“ही तुमची वेळ आहे.”

“घ्या म्हणतो ना!”

“तुम्हाला काय म्हणायचं होतं?”

तिसऱ्यांदा खणखणला. मी उठलो कधी ते मला कळलं नाही. कोचावरच्या त्या खड्ड्यातून चौसष्टाव्या वर्षी असं उठता येतं हेही मला ठाऊक नव्हतं. टीपॉय आडवा झाला, रुमालांचा खोका पुस्तकांखाली गेला. मी फोन ओढून कानाला लावला.

“आहे,” मी म्हणालो. “आहे गं, इथेच आहे मी. येतो. लगेच येतो.” आणि पुढे शब्द फुटेनात. नोव्हेंबरपासून अडकलेलं सगळं त्या भोकाभोकांच्या प्लास्टिकमध्ये गेलं, हुंदक्यांसकट, नाकासकट. भिंतीला डोकं टेकून मी रडत होतो, आणि पलीकडून एका बाईचा घाबरलेला आवाज येत होता:

“डॉक्टर? अहो डॉक्टर! तुम्ही बरे आहात ना? मी पुढच्या आठवड्यात येऊ का?”

“नको, जाऊ नका,” मी कसंबसं म्हणालो. “थांबा. कृपा करून थांबा.”

किती वेळ गेला सांगता येत नाही. गुटनिकांनी मला गप्प केलं नाही, पाठीवर थापही मारली नाही. त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. मग ते हळूच म्हणाले, “रविवारी रोमिनाचा फोन येतो ना?”

“हो.”

“या वेळी तुम्ही करा. रविवारची वाट बघू नका.”

“काय सांगू तिला?”

“बॅटरी संपली नव्हती, एवढंच. पुढचं तुमच्या तोंडून आपोआप येईल. आत्ता माझ्या भिंतीला सांगितलंत तसं. आणि उद्या सकाळी इकडे या. परवाही या. गॅलरीतल्या कुंड्यांना आठवडाभर पिएरिना पाणी घालेल, तिला तशी विनंती करा.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “आजचं इथेच थांबवू.”

मी बाहीने तोंड पुसलं. दारापाशी पोचलो. काहीतरी मोठं घडून गेलं होतं, आणि त्याला साजेसं काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं. मी वळलो. गुटनिकही खुर्चीत पुढे सरकले होते, जणू त्यांनाही अखेरचं काही सांगायचं होतं.

“एवारिस्तो, एक मागणं आहे.”

“मागा, डॉक्टर.”

“किल्ली तुमच्या खिशात आहे, म्हणून ती बिचारी कधीची खाली ताटकळत्ये. तेवढं जाऊन दार उघडा तिला. आणि मोजा तिच्या हातात द्या. पंख्याने पाय गार पडलाय माझा.”