लाल पडलेलं मीठ

आमच्या सरांना खारट फक्त माशात चालायचं. मिठात जगणाऱ्या जिवाणूंचे तज्ज्ञ म्हणून त्यांचं मोठं नाव होतं, म्हणजे त्यांच्या खोलीच्या दारावर. १९९८ च्या उन्हाळ्यात नमुने आणायला ते जीप घेऊन तीनदा गगनबावड्याहून घाट उतरले, मिठागरांवर गेले आणि तिन्ही वेळा पापलेट खाऊन आले. बाटल्यांत आणलेल्या मिठातून काहीही उगवलं नाही.

मी त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तीन वर्षं झाली होती आणि प्रबंधाचं एक पान झालं नव्हतं. कोल्हापुरात चपलांसाठी कातडी येतात ती मीठ लावून, एवढं मला ठाऊक होतं. मी सरळ गोदामात गेले. तिथल्या गुंडूमामांनी लालसर पडलेलं मीठ दाखवलं. "ह्ये लागलं की कातडं कुजतंय बघ. आमी टाकूनच देतो. ने की पायजे तेवढं."

आईला सांगितलं, तर ती दोन दिवस बोलली नाही. आमच्या आजीनं, धोंडुबाईनं, छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात कुणी मेल्या जनावराला हात लावला नव्हता. सर मात्र लगेच बोलले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "बाहेर ठेव ते. तुम्हा लोकांना वासाचं काही वाटत नाही, आम्हाला वाटतं."

मग मी व्हरांड्यात काम केलं. त्या मिठातला जिवाणू वाढला. त्याचं एन्झाइम भर खाऱ्या पाण्यातही कातड्यावरचे केस सोडवायचं. केस काढायला एरवी लागतो तो चुना नको, सल्फाइड नको. पुण्याच्या एका कंपनीनं चौकशी केली आणि सरांचं नाक एकदम बरं झालं. अहवालात त्यांनी लिहिलं: नमुना कोकणातल्या मिठागरातला, शोध स्वतःचा. माझं नाव शेवटी आभारात, टायपिस्टच्या खाली. हे असंच गेलं असतं तर माझ्या प्रबंधाला काही उरलं नसतं.

कंपनीच्या तेजस्वी घोरपडे आल्या, तेव्हा सरांनी मला चहाचा ट्रे धरून उभं केलं. प्रयोग ते स्वतः दाखवणार होते. गुलाबी, गढूळ टेस्टट्यूब त्यांनी उचलली आणि फार दाट वाटते म्हणून त्यात डिस्टिल्ड पाणी ओतलं. गोड्या पाण्यात हे जिवाणू फुटून मरतात. पहिल्याच आठवड्यात शिकायची गोष्ट ही. मी सांगू शकले असते. नाही सांगितलं, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

बघता बघता ट्यूबमधला गढूळपणा गेला. सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसेना. सर भिंग पुसत राहिले. तेजस्वीबाईंनी शांतपणे विचारलं की हे मिठागर नेमकं कुठलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला मानानं हाक मारली. "अहो संघप्रिया, सांगा की."

ट्रे खाली ठेवून मी व्हरांड्यातून डबा आणला, झाकण काढून टेबलावर ठेवला.

"कातड्याच्या गोदामातलं मीठ आहे. मी आणलंय."

सरांचा हात रुमालासाठी खिशाकडे गेला. तेजस्वीबाईंनी डबा नाकाशी धरला, चिमूटभर मीठ तळहातावर घेऊन पाहिलं आणि अहवाल मागितला. दुरुस्ती त्यांनी मलाच करायला सांगितली. नुसतं 'गोदाम' लिही, असं सरांनी हळूच सुचवलं. मी 'कातड्याचं गोदाम, कोल्हापूर' असं लिहिलं, शोधापुढे माझं पूर्ण नाव घातलं आणि कागद सहीसाठी सरांपुढे सरकवला, सोबत डबाही. त्यांची सही होईपर्यंत उघडा डबा मी त्यांच्या नाकासमोरून हलवला नाही.