झाकलेली भाकर

शनिवारी सकाळी बुधरीने नेहमीसारखे तांदूळ धुतले, सावलीत वाळवले आणि दुपारी जात्यावर दळायला घेतले. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रार्थनाघरात प्रभुभोजन असायचं आणि त्याची भाकर गेली सहा वर्षं तिच्याच हातची. मोठी, जाड, बिनमिठाची एकच भाकर. पास्टर ती मोडायचे आणि मंडळीतल्या साठ-पासष्ट माणसांना तुकडा तुकडा द्यायचे. बुधरीची भाकर कधी चिरत नाही, असं पास्टरांची बायको साधनाबाई चारचौघांत कौतुकानं सांगायची.

"पोरीले जाऊन महिना झाला नाई, अन् तू त्या पास्टरासाठी भाकर करून राह्यली?" नवरा कोलू दारातून म्हणाला.

"त्याच्यासाठी नाई करून राह्यली," बुधरी जातं न थांबवता म्हणाली. "तू फक्त उद्या मधात पडू नको."

गडचिरोलीकडच्या जंगलातल्या काही गावांत अजून कुर्मा आहे. पाळीच्या दिवसांत बाईनं घर सोडून जिथं राहायचं, ती गावाबाहेरची झोपडी. तिला खिडकी नाही, धड दार नाही, आणि आत गेलेल्या बाईला त्या दिवसांत कुणी हात लावायचा नाही. बुधरीच्या गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, हे तिकडचं आहे म्हणतात.

पास्टर गुणवंतराव चंद्रपूरचे, शिकलेले. ते आले तेव्हा गावात चार ख्रिस्ती घरं होती, ती चौदा झाली. दारू सुटली, बायकांवर उठणारे हात खाली आले, पोरी शाळेत जाऊ लागल्या. हे त्यांनी केलं, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण कुर्म्याचा विषय निघाला तेव्हा मंडळीतले वडीलधारे लटारू ठामपणे म्हणाले, "कुर्मा मोडसान तर आठ घरं मंडळी सोडतील." पास्टरांनी रात्रभर विचार केला म्हणे. मग त्यांनी चंद्रपुराहून टिनाचे आठ पत्रे आणले, स्वतः वर चढून ते झोपडीवर ठोकले, दारात उभं राहून आशीर्वाद मागितला आणि तिचं नाव ठेवलं विश्रांतिगृह. साधनाबाई मात्र त्या दिवसांतही आपल्या घरातच राहायची. पास्टरीणबाईची गोष्ट वेगळी, असं धरून कुणी काही विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये बुधरीची पोरगी स्वाती आश्रमशाळेतून सुटीला घरी आली. बारावीला होती, नर्स व्हायचं म्हणायची. आल्या दिवशीच तिची पाळी आली आणि ती पुस्तक घेऊन कुर्म्यात गेली. दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी बुधरी पेज घेऊन गेली, तर पोट धरून पडलेली. बायांना वाटलं, पाळीचंच दुखणं. पण तिच्या पापण्या वर उचलेनात आणि शब्द घशातच अडकू लागले, तेव्हा बुधरी पास्टरांकडे धावली. गावात चालू मोटरसायकल तेवढी एकच होती.

पास्टर आले. गाडी घेऊनच आले. पण झोपडीपासून वीस पावलांवर थांबले.

"पास्टरभाऊ, तिले गाडीवर घ्या. मी मागं बसून धरीन."

पास्टर स्टँडवरून गाडी काढत होतेच. तेवढ्यात लटारू पुढे झाले. "पास्टर, उद्या भोजन हाये. अशी पोरगी गाडीवर बसवसान, अन् मंग त्याच हातानं भाकर मोडसान काय?"

गुणवंतरावांनी लटारूंकडे पाहिलं, झोपडीकडे पाहिलं आणि गाडी पुन्हा स्टँडवर लावली. "आपण प्रार्थना करू," ते म्हणाले. "तोवर बायांनी खाट आणावी."

त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, आणि ती बरीच लांबली. पुरुषांनी शिवायचं नाही म्हणून खाट बायांनीच उचलली आणि चिखलातून सहा किलोमीटर डांबरी रस्त्यापर्यंत नेली. तिथं गाडी मिळेपर्यंत पोरीचा श्वास उथळ झाला होता. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांना घोट्याजवळ टाचणी टोचल्यासारख्या दोन बारीक खुणा दिसल्या. मण्यार साप. जरा आधी आणायला हवं होतं, एवढंच ते बोलले.

दफनाच्या वेळी पास्टर म्हणाले की प्रभूनं तिला आपल्याजवळ बोलावून घेतलं. बुधरीने ते ऐकलं आणि माती टाकली. रडली नाही. तिच्या डोक्यात त्याच क्षणी काहीतरी पक्कं झालं होतं.

गुणवंतरावांच्या मंडळीत एक नियम होता, आणि तो त्यांनीच घातलेला. भाकर मोडण्याआधी ते विचारायचे, कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल तर त्यानं उठावं. उठला, तर ते मिटेपर्यंत कुणीच जेवायचं नाही. पहिल्या वर्षी दोन भाऊ एका मोहाच्या झाडावरून भांडले होते, तर पास्टरांनी तीन महिने भोजन अडवून धरलं होतं. शेवटी झाड वाटलं गेलं आणि भाऊ गळ्यात गळा घालून रडले. ही गोष्ट पास्टर दुसऱ्या गावांतही अभिमानानं सांगत.

स्वाती गेल्यानंतरच्या महिन्यातल्या त्या पहिल्या रविवारी बुधरीने भाकर मेजावर ठेवली, पांढऱ्या फडक्यानं झाकली आणि जागेवर जाऊन बसली. पास्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ती उठली.

"माझ्या मनात हाये."

"कुणाविषयी, बुधरीबाई?"

"तुमच्याविषयी."

आणि ती खाली बसली. पास्टर काही बोलायला गेले, पण नियम त्यांचाच होता. त्यांनी फडकं उचललं नाही. सभा संपल्यावर बुधरीने झाकलेली भाकर उचलली, सरळ कुर्म्यात गेली आणि पाळीमुळे आत बसलेल्या, मंडळीतल्याच मंगलीला अर्धी देऊन तिच्या शेजारी बसली. स्वाती जिथं झोपली होती तिथंच.

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. भाकर प्रत्येक वेळी तितक्याच निगुतीनं केलेली असायची. पास्टर दिवसेंदिवस वाळत चालले. प्रश्न विचारताना त्यांचा आवाज कापायचा, आणि तो कापला की बुधरीला बरं वाटायचं. हे काही चांगलं नाही, हे तिला कळत होतं. तरी बरं वाटायचं. पोरीचा आवाज अडकला तेव्हा या माणसाचा किती मोकळा होता, ते ती विसरली नव्हती.

समजूत घालायला गडचिरोलीहून मोठे पाळक आले. भला माणूस होता. म्हणाला, "बुधरीबाई, क्षमा करावी. आपल्याला तेच शिकवलं आहे."

"शिकवलं हाये, साहेब. पण त्या दोघा भावायचं कसं मिटलं? झाड वाटून देल्लं तवा. माझं कायनं मिटवसान?"

"तुम्हाला हवं तरी काय?"

"त्यायले मालूम हाये."

नाताळ आला आणि भोजनाशिवाय गेला. लोक आता बुधरीवरच चिडू लागले होते. एका बाईपायी सगळी मंडळी उपाशी, असं विहिरीवर तिला ऐकू जाईल असं बोललं जाऊ लागलं. कोलूसुद्धा म्हणाला, "बस कर आता." ती फक्त एवढंच म्हणाली, "थकला असशीन तर तू घरी राह्य."

जानेवारीच्या पहिल्या रविवारी पास्टरांनी प्रश्न विचारला आणि बुधरी उठायच्या आधी पुढच्या रांगेतून साधनाबाई उठली.

"माझी पाळी चालू आहे," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "या गावात येऊन सहा वर्षं झाली, दर महिन्याला असते, आणि मी माझ्या घरात झोपते. अशाच दिवसांत इथं येऊन या हातांनी मी भोजनाचा प्यालाही घेतला आहे, आणि पास्टरांना ते ठाऊक होतं. मग स्वातीलाच गाडीवर का नाही घेतलं?"

लटारू ताडकन उठले. पण त्यांच्या मागे मंगली उठली, मग तिच्या शेजारची रंजीता, मग लटारूंची स्वतःची सून. सून नुसती उभी राहिली. लटारू बसले.

गुणवंतरावांनी मेजाला धरलं. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हे चूक आहे. घरं तुटतील म्हणून मी भ्यालो. प्रार्थना केली ती पोरीसाठी नाही केली. मला गाडी काढावी लागू नये, म्हणून केली."

मग ते मेज सोडून बाहेर चालू लागले. सगळी मंडळी मागोमाग गेली. कुर्म्यावर चढून त्यांनी आपल्या हातांनी ठोकलेले खिळे आपल्याच हातांनी उपटले. आठही पत्रे खाली आले, कुडाच्या भिंती बायांनी पाडल्या. पास्टरांचा तळवा चिरला, रक्त आलं. बुधरी उभी राहून पाहत होती. तिनं पाणी दिलं नाही.

परत आल्यावर पास्टर तिच्यासमोर उभे राहिले. "आता मिटलं का, बाई?"

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागले. ती हो म्हणाली असती तर गोष्ट गोड झाली असती.

"झोपडी मोडली," बुधरी म्हणाली. "पोरगी नाई आली. माझं नाई मिटलं. पण ह्या लोकायले मी आता उपाशी नाई ठेवत. तुमी वाढा, पास्टरभाऊ. सगळ्यायले वाढा. तुमी मात्र घेऊ नका. माझं मिटन तवाच घ्या."

गुणवंतरावांनी मान डोलावली, हाताला फडकं बांधलं आणि भाकर मोडली.

त्याला आता दोन वर्षं होत आली. आठ घरांची धमकी होती, गेली दोनच. पास्टरांच्या गाडीवर कुठलीही बाई कुठल्याही दिवशी बसते. पहिल्या रविवारी ते सगळ्यांना वाढतात आणि स्वतः न घेता ताट खाली ठेवतात. बुधरीही घेत नाही. मनात असताना घ्यायचं नाही, हा नियम ती स्वतःवरही पाळते. भाकर मात्र तीच करते.

तिनं आता माफ करून टाकावं, असं पुष्कळांना वाटतं. तसं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आपल्या गावाच्या कडेपर्यंत चालत जावं, आणि तिथं काय उभं आहे, त्यावर पत्रे कुणी ठोकले आहेत, ते पाहून यावं.