खरवडायचं काम

थोरलीने पातं फळीच्या सांध्यात सरकवलं आणि मनगट हलकेच वळवलं. हिरव्या रंगाचा पोपडा सुटून पायाशी पडला. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पिवळा. पिवळा लावला तेव्हा धाकटी नुकती लग्न होऊन आली होती. शिडीच्या दुसऱ्याच पायरीवर डोळे मिटून ओरडत होती, "ताई, धरलीय ना?"

तेव्हापासून दोघी जावांची वाटणी ठरलेली. खरवडायचं थोरलीने, रंगवायचं धाकटीने. घरातल्या कपाटापासून बाहेरच्या फळ्यांच्या भिंतींपर्यंत कशालाही कधी रंगारी बोलावला नाही. नवरे होते तोवर ते खुर्च्या टाकून नुसत्या चुका काढायचे. आता खुर्च्याच उरल्या होत्या. त्याही सकाळी रंगवून उन्हात ठेवलेल्या.

"पुरे हो ताई," धाकटी म्हणाली. "किती खरवडाल? लाकूड संपेल."

"प्रायमरचा हात?"

"नको. थेटच मारते."

थोरलीने वर पाहिलं. प्रायमर खडखडीत वाळल्याशिवाय रंगाच्या डब्याला कुणाला शिवू न देणारी बाई ही.

"आणि मागची बाजू?"

"मागे कोण जातंय बघायला?"

ब्रश खालीवर होत राहिला. रंग पांढरा होता. या घराला पांढरा कधीच लागला नव्हता. दवाखाना वाटतो, असं धाकटीच म्हणायची.

थोरली पातं घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीखाली गेली. तिथे पाणी मुरून फळी कुजली होती, भोक पडलं होतं. ती बदलायची, असं दोघींचं कधीचं ठरलं होतं. आज तिथे भोक दिसेना. थोरलीने बोट दाबून पाहिलं. पुट्टी. काल दुपारी तिचा डोळा लागला असताना कुणीतरी बेमालूम भरली होती, पॉलिशपेपर फिरवला होता, वर पांढऱ्याचा एक हातही दिला होता. रंग अजून चिकट होता. कारागिरी ओळखीची होती.

"रंग कुणासाठी चाललाय गं?"

ब्रश थांबला.

"उद्या सकाळी लोक यायचेत. बघायला."

"कुणाला? घरात लग्नाची मुलगी तर कुणी उरली नाही."

एरवी धाकटी खो खो हसली असती.

"मुलगा म्हणतो, आता विकून टाकू. मी त्याच्याकडे जाईन. तुमचीही सोय बघितलीय, ताई. सगळ्या तुमच्याच वयाच्या बायका. बाग आहे मोठी."

"बाग," थोरली म्हणाली.

घराच्या कागदावर एकच नाव होतं. थोरलीच्या नवऱ्याने आपला हिस्सा हसत हसत धाकट्या भावाच्या नावे करून दिला होता. आपल्याला मूलबाळ नाही, चूल एक तर नावं दोन कशाला, म्हणाला होता. त्या दिवशी धाकटी गळ्यात पडली होती. "तुम्हाला सोडून मी कुठं जाणार, ताई?"

"सांगणारच होते," धाकटी आता म्हणाली. "एकदा रंग झाला, की."

थोरलीने मान हलवली. बोटाला लागलेला पांढरा रंग पदराला पुसला. तो गेला नाही, पसरला.

सकाळी नवरा-बायको आले. धाकटीने त्यांना दारापासून हौसेने फिरवायला सुरुवात केली. रंग कसा ताजा आहे, लाकूड कसं जुनं, खणखणीत. भिंतीच्या कोपऱ्यावर येताच तिघांनाही आवाज ऐकू आला. लाकडावर पातं फिरत होतं, संथपणे.

थोरली खिडकीखाली स्टूल घेऊन बसली होती. पायाशी पुट्टीचे तुकडे आणि फळीत मूठ जाईल एवढं काळं भोक.

"अहो ताई, हे काय करताय!"

थोरलीने भोकातला भुसा फुंकून काढला.

"तू रंगव हां सावकाश," ती म्हणाली. "खरवडायचं माझंच काम ना."

पाहुणी पुढे झाली. तिने वाकून शेजारची फळी बोटाने दाबून पाहिली.