राहा की अजून दोन दिवस

वाक्य असं होतं: "राहा की अजून दोन दिवस, घाई काय आहे?"

ते मी बोललो. शुक्रवारी सकाळी, हातात चहा, समोर मेजर आणि त्याच्या पायाशी भरलेली बॅग. मेजर सैन्यात कधीच नव्हता. हॉस्टेलात आंघोळीच्या रांगा लावायचा म्हणून मेजर. हे वाक्य पाहुणा निघाला की बोलायचं असतं. पाहुण्यानं "छे छे, खूप झालं, तुम्हाला किती त्रास" म्हणायचं असतं. आपण आणखी दोनदा आग्रह करायचा, त्यानं दोनदा मान हलवायची, मग जिन्यात उभं राहून अर्धा तास गप्पा मारायच्या आणि सुटायचं. एवढी साधी कवायत, आणि समोर साक्षात मेजर.

मेजर म्हणाला, "चालेल."

(थांबा. आधी घर.)

दोन खोल्या. एकीत आम्ही झोपतो. दुसरीत बायकोचं टेबल आणि टेबलाला स्क्रूनं आवळलेला रबरी जबडा. बायको दातांची डॉक्टर आहे, म्हणजे तिकडे भारतात होती. इकडे ती दुसऱ्याच्या दवाखान्यात पेशंटच्या तोंडात नळी धरून उभी राहते. इथल्या परीक्षेत प्लास्टिकचे दात नीट कोरून दाखवले की ती पुन्हा डॉक्टर. संधी तीनच मिळतात. दोन गेल्या. तिसरी सोमवारी सकाळी नऊला, शेजारच्या शहरात.

शुक्रवार अधिक दोन दिवस म्हणजे कुठला वार, हे मला कळतं. मी पुलांची गणितं तपासून पोट भरतो.

(घर झालं. आता पाहुणे.)

ते आदल्या रविवारी आले. मेजर, त्याची बायको, नऊ वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा. मुलांना जग दाखवायला निघाले होते. मुलांनी जगाला वायफायचा पासवर्ड विचारला. चौघं टेबलाच्या खोलीत, म्हणून जबडा न्हाणीघरात, वॉशिंग मशीनशेजारच्या फळीवर. पहिल्याच दिवशी मुलांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं. दुसऱ्या दिवशी आजोबांना टूथपेस्ट लावली. तिसऱ्या दिवशी आजोबांची एक दाढ हरवली. मेजरच्या बायकोनं कौतुकानं सांगितलं की मुलांना इथे अगदी घरच्यासारखं वाटतंय. बायको म्हणाली, हो ना. ती आठवडाभर "हो ना" एवढंच म्हणत होती आणि मी समजत होतो की दोघींचं चांगलं जमलंय.

सराव ती न्हाणीघर रिकामं असेल तेव्हा करायची. बाकीची पाच माणसं आणि एक न्हाणीघर, म्हणजे जवळजवळ कधीच नाही.

शुक्रवार, पुन्हा.

"चालेल," मेजर म्हणाला. "दोन काय, मंगळवारचं विमान इथूनच पकडू. शेजारच्या शहरात हॉटेल घेतलंय, पण तिथे ओळखीचं कोण आहे?" आणि बॅगेची चेन उघडून शर्ट बाहेर काढू लागला.

न्हाणीघरातला ड्रिलचा आवाज थांबला. बायको बाहेर आली. कपाळावर चष्मा, भुवयांवर दातांचा पांढरा भुगा.

"हॉटेल रद्द केलंत का?"

"आता करतो, वहिनी."

"करू नका. मंगळवारपर्यंतचं आहे ना? माझ्या नावावर करून द्या."

मेजर हसला, कारण ती विनोद करते आहे असं त्याला वाटलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बायकोला समजावलं, की अगं, असं कसं, घरात पाहुणे असताना घरच्या बाईनं...

"तू आहेस ना," ती म्हणाली. "तुला हौसही आहे."

मग तिनं त्यांना परीक्षेचं सांगितलं. तीन वाक्यांत, दवाखान्यात औषधाच्या वेळा सांगतात तसं. मेजरची बायको माझ्याकडे वळली.

"भावजी, हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्हाला संकोच वाटला असता."

"आम्ही आलोच नसतो."

"म्हणूनच," मी म्हणालो. मला वाटलं यात माझा मोठेपणा दिसेल. कुणाला दिसला नाही.

मेजरच्या बायकोनं नवऱ्याला हॉटेलला फोन लावायला सांगितला, स्वतः फळीखाली वाकून स्क्रू सोडवले आणि जबडा आपल्या कोरड्या टॉवेलात गुंडाळून माझ्या बायकोच्या बॅगेत ठेवला. दोघी स्टेशनपर्यंत एकत्र गेल्या. मेजर आणि मी सोफ्यावर बसून राहिलो, हॉस्टेलात वॉर्डननं पकडल्यावर बसायचो तसे.

शनिवार, रविवार मी यजमान होतो. चार माणसांचा चहा, नाश्ता, ओले टॉवेल, पुन्हा चहा. मुलांनी आजोबा कुठे गेले म्हणून सत्तावीस वेळा विचारलं. मेजर मध्येमध्ये म्हणायचा, "तू बस रे, मी करतो," आणि बसून राहायचा.

सोमवारी दुपारी बायकोचा मेसेज आला.

"झाली. हात थरथरला नाही. निकाल दीड महिन्यानं."

मी लगेच लिहिलं की कधी निघतेस, मेजरच्या बायकोनं तुझ्यासाठी जेवण ठेवलंय.

उत्तर यायला वीस मिनिटं लागली.

"तिला थँक्यू सांग. उद्या येते, ते गेल्यावर. खोलीत चार पलंग आहेत, कुठल्यावर झोपायचं ते ठरवतेय."